वर्तमानपत्रात गुंडाळलेली गोळी

औषधाच्या दुकानात माझ्या शेजारी उभ्या गृहस्थांना मूळव्याधीचं मलम उघडंच दिलं. माझी स्तनाच्या कर्करोगानंतरची गोळी मात्र दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळली, चिकटपट्टी लावली आणि काळ्या पिशवीत घातली.

"बायकांचं आहे ना, ताई," तो हळूच म्हणाला.

शिसारी आली मला. जीव वाचवणारी वस्तू चोरून न्यायची, हे ठरवलं कुणी? या गोळीने माझ्या कर्करोगाला पोसणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, पण त्यामुळे हाडं ठिसूळ होऊ शकतात, सकाळी बोटं आखडतात. "दुखलं तर मला सांगा, पण मनाने बंद करू नका," असं डॉक्टरांनी बजावलंय. त्या आखडलेल्या बोटांनी मी दर महिन्याला दुसऱ्याची लाज सोलत बसते.

पिशवी परत सरकवली. "तुम्हीच उघडा. आणि डॉक्टरांनी लिहिलेलं कॅल्शियमही द्या," मी मोठ्याने म्हटलं.

शेजारच्या गृहस्थांनी आपलं मलम घाईघाईने खिशात टाकलं.