कोच राहणार की जाणार

शुक्रवार, २७ जून. सकाळी आठला ३८ डिग्री, दमट, वारा अजिबात नाही. खिडकीच्या काचेवर बाहेरून पाणी जमलंय.

एसीची सर्व्हिसिंग मागच्या वर्षी कधी झाली ते बघायला जुन्या-नव्या डायऱ्या काढल्या. एसी सापडायच्या आधी पानोपानी कोचच सापडत गेले. किस्से असेच साठतात. आपण रोज एक ओळ लिहितो, ‘आज मॅच, हरलो, पेठे चिडले’, आणि काही वर्षांनी बघावं तर अख्खं पुराण झालेलं असतं.

आमची टोळी लहान आहे. इथे बहरीनमध्ये ईसा टाउनच्या बाजूला एक कॉलेज आहे, त्याची मुलींची बास्केटबॉल टीम आहे, आणि त्यांच्या जिममध्ये प्रेक्षकांच्या तिसऱ्या पायरीवर दर गुरुवारी संध्याकाळी बसणारे आम्ही तिघं. पेठे पुण्याचे, बँकेत ऑडिटला. साळवी रत्नागिरीचे, इंजिनिअर. आणि मी. साळवींची मुग्धा याच टीममधून खेळली, पण ती शिकून पुण्याला नोकरीला गेली त्याला दोन वर्षं झाली. पेठ्यांचा मुलगा बुद्धिबळ खेळतो. माझी मुलगी काहीच खेळत नाही. थोडक्यात, त्या टीममध्ये आता आमचं कोणीही नाही. तरी जातो!

कोच रॉड्रिग्ज वसईचे. शांत माणूस. टीम सलग तीन वर्षं सेमीफायनलला हरलेली. त्यांचा करार यंदा ३० जूनला संपणार होता, आणि इथे करार संपला की व्हिसाही संपतो. कॉलेज हो म्हणेना, नाही म्हणेना. पेठ्यांचं म्हणणं, कोच बदला. साळवींचं म्हणणं, त्या माणसाला हात लावू नका. मुग्धा दर आठवड्याला फोनवर विचारायची, "बाबा, इज कोच स्टेइंग ऑर नॉट?"

*

कोच टाइम-आउट घेत नाहीत. समोरच्या टीमने ओळीने पाच बास्केट टाकले तरी हाताची घडी घालून उभे. विचारलं तर म्हणतात, "पोरींना कळतंय काय चुकतंय ते. मी नवीन काय सांगू?"

पेठ्यांना हे सहन होत नाही. ते पायरीवर उभे राहून ओरडतात, "अहो, टाइम-आउट घ्या हो!" मराठीतच, कारण रागात इंग्रजी सुचत नाही. जिममध्ये मराठी समजणारी माणसं पाच-सहा. पण चार वर्षं ऐकून ऐकून रेफरीला ते वाक्य पाठ झालं. रेफरी बहरीनी, उंच, न हसणारा. फेब्रुवारीत एका मॅचला पेठे फारच पेटले होते. रेफरीने शिट्टी वाजवून खेळ थांबवला, सरळ तिसऱ्या पायरीपाशी आला आणि पेठ्यांकडे बोट दाखवून म्हणाला,

"टाइम-आउट घ्या हो! खलास!"

पेठे बसले. उरलेली मॅच त्यांनी बसून पाहिली.

*

इथे कोण देश सोडून जाणार हे सगळ्यात आधी किराणावाल्याला कळतं. जाणारा माणूस तांदळाची मोठी गोणी घेत नाही, तेलाचा मोठा डबा घेत नाही.

साळवी आणि कोच झिंजमध्ये एकाच गल्लीत राहतात. खालच्या कोल्ड स्टोअरवाल्याने, म्हणजे किराणावाल्याने, एके दिवशी साळवींना हळूच सांगितलं, "कोच साब इस बार पाँच किलो चावल लिया. हर टाइम बीस लेता है."

साळवींचा मला ऑफिसात फोन. "मोरे, संपलं सगळं. पाच किलो!"

"अहो, विचारा तरी त्यांना."

दोन दिवस धीर गोळा करून साळवींनी कोचना गल्लीत गाठलं. "काय कोच, तांदूळ कमी केलात?"

"अरे साळवी, डॉक्टरने भात बंद करायला सांगितलाय. शुगर निघाली मला."

साळवी धावत घरी गेले आणि मला पुन्हा फोन केला. आवाजात नुसता आनंद. "मोरे, पेढे द्या! कोचना शुगर आहे!"

*

मार्चमध्ये दोघांनीही कॉलेजला पत्र लिहायचं ठरवलं. पेठ्यांचं पत्र कोचना काढा म्हणून, साळवींचं ठेवा म्हणून. दोघांनाही आकडे हवे होते, आणि कुठली मॅच किती पॉइंटने गेली हे फक्त माझ्याकडे लिहिलेलं. मी दोघांना तीच झेरॉक्स दिली.

पेठ्यांनी लिहिलं, ‘तीन वर्षं सेमीफायनलपर्यंत येऊन टीम हरते.’ साळवींनी लिहिलं, ‘तीन वर्षं टीम सेमीफायनलपर्यंत येते.’

आठवड्याने दोघांना उत्तर आलं. अक्षर न अक्षर सारखं: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, आभारी आहोत.

पेठ्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून शब्द न शब्द ताडून पाहिला. मग म्हणाले, "साळवींचीही नोंद घेतली? मग माझी कशाला घेतली?"

*

कोचची बायको फिलोमिना एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. पेठ्यांना हे माहीत नव्हतं. ते उपाशीपोटी ब्लड टेस्टला गेले, बाही वर केली, आणि सिस्टरने फॉर्मवरचं नाव वाचलं.

"पेठे? म्हणजे तिसऱ्या पायरीवरचे?"

"तुम्ही...?"

"मी मिसेस रॉड्रिग्ज."

पेठे सांगतात, त्या क्षणी त्यांचं बीपी मोजायला हवं होतं. सुई समोर, हात बांधलेला, पळायला जागा नाही. ते म्हणाले, "सिस्टर, ते आपलं खेळातलं बोलणं असतं. मनावर घेऊ नका."

"हात सैल सोडा," फिलोमिना म्हणाली. सुई टोचली आणि म्हणाली, "बावीस वर्षं मी पण घरात तेच ओरडते, जरा थांबा, जरा थांबा. माझ्यासाठी थांबले नाहीत, तुमच्यासाठी काय थांबणार?"

रिपोर्ट नॉर्मल आला.

*

एप्रिलमध्ये सेमीफायनल पुन्हा हरलो. ५१-५४.

मे संपला, कॉलेज गप्पच. जूनच्या पहिल्या आठवड्यात इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोचचा मेसेज आला. सोफा, जेवणाचं टेबल, वॉशिंग मशीन, दोन कपाटं. कोणाला हवं असल्यास कळवा. बस, एवढंच.

मी फोन केला तर म्हणाले, "मोरे, विचारून विचारून थकलो. शेवटच्या दिवशी नाही म्हणाले तर सामान काय रस्त्यावर टाकू? फिलोमिना म्हणते, तुम्ही निघालात तर मी एकटी इथे कशाला राहू. दोघंही जाऊ."

साळवींनी ताबडतोब मोहीम काढली. प्रत्येकाला वेगळा फोन. "कोचचं काहीही घ्यायचं नाही! सामान विकलं नाही तर माणूस जाणार कसा?"

लोकांनी ऐकलं. पेठे सोडून. मेसेजला तीन मिनिटं झाली नसतील, खाली पेठ्यांचं उत्तर: ‘वॉशिंग मशीन माझं.’

साळवी पेठ्यांशी चार दिवस बोलले नाहीत. "घाई बघा माणसाची! अजून तो गेला नाही आणि याने मशीन उचललं!"

पाचव्या दिवशी सोफ्यासाठी रिफाहून कोणी अनोळखी माणूस येतोय असं साळवींना कळलं. ते उठले, तो यायच्या आत कोचकडे गेले आणि सोफा स्वतःच्या घरी घेऊन आले. सांभाळायला म्हणून. करार झाला की परत.

साळवीवहिनींनी दोन दिवस दोन सोफ्यांमधून आडवं चालून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपला जुना सोफा वॉचमनला देऊन टाकला.

*

मंगळवारी दुपारी साडेतीनला प्रिन्सिपलनी कोचना बोलावलं. चारला साळवींचा फोन आला. "एक वर्ष! मोरे, एक वर्ष वाढवलं!" मागून मुग्धाचा आवाज येत होता, दुसऱ्या फोनवर, स्पीकरवर.

मी विचारलं, "आता सामानाचं काय?"

साळवींनी आधी मुग्धाचा फोन ठेवला. मग म्हणाले, "सोफ्याचं मी बघतो. बायकोशी बोलावं लागेल. आधी पेठ्यांकडे जाऊ. ते मशीन देणार नाहीत, पण विचारू तर."

ऑफिस सुटल्यावर पेठ्यांकडे गेलो. दार पेठेवहिनींनी उघडलं. त्यांचे हात कोपरापर्यंत ओले, साबणाचे.

साळवींनी घसा साफ केला. "वहिनी, ते कोचचं मशीन..."

"न्या हो एकदाचं!" वहिनी म्हणाल्या. "आमचं बिघडून महिना झाला. मी बाथरूममध्ये हाताने धुतेय, आणि हे तिकडे चादर पांघरून उभं. हात लावू देत नाहीत मला. म्हणे वापरायचं नाही!"

मशीन गॅलरीत होतं. वर स्वच्छ चादर. पाइप गुंडाळून सुतळीने बांधलेला, कोचच्या घरून आणला तसाच. गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

साळवी पेठ्यांकडे वळले. "पेठेसाहेब, मग तुम्ही घेतलं कशाला?"

पेठ्यांनी चादरीची घडी केली, ती वहिनींच्या हातात दिली आणि खाली वाकले.

"लिफ्ट बंद आहे. मोरे, तुम्ही मागून धरा. साळवी, दार उघडा. यल्ला, चला."

करार एक वर्षाचा झाला. वॉशिंग मशीन त्याच संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कोचच्या बाथरूममध्ये परत बसलं. पाइप पेठ्यांनी जोडला. सोफा साळवींकडे आहे.