सुनेला चहाला पाठवणाऱ्या सिस्टर

मी नर्सिंगला आहे, आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. सरकारी दवाखान्यात माझी ड्यूटी लागते, तिथे अपघात विभागात एक सिस्टर आहेत. आवाज मोठा, चाल सावकाश. म्हाताऱ्या माणसांना काही विचारण्याआधी त्या सोबतच्यांना चहाला पाठवतात. का, ते मला परवा कळलं.

जानेफळची एक आजी चक्कर येऊन पडली होती. तपासणीत काही निघालं नाही. स्वतःचं स्वतः करता येत असेल तर घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले. आजीला घराचीच ओढ होती. तरी सगळं जमतं का, असं मी विचारल्यावर सोबत आलेल्या सुनेकडे पाहत ती म्हणाली, "माह्यानं काही होत नाही. हे सूनच करते सारं."

"जाय वं बाई, चहा घेऊन ये," सिस्टर सुनेला म्हणाल्या. मग आजीकडे वळल्या. "आता सांग, माय."

"होते न सारं! पण तिच्यासमोर कसं म्हणू? लोक म्हणतीन, सून पाहत नाही."

आजी उठली, लुगडं सावरलं आणि दारापर्यंत ताठ जाऊन आली. सिस्टर मागेमागे होत्या, हात अर्धवट पुढे धरून.

सून परतली तशी आजी पलंगावर टेकली. "धर वं मले."

सिस्टर गंभीर चेहऱ्यानं सुनेला म्हणाल्या, "घरी ने. पण हात धरूनच ने, बाई."