मंदाच्या उलथण्याची मूठ

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही — आणि त्याच्यापासून तर मला आमटीत जास्त पडलेलं मीठही लपवता येत नाही. तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू, मलाही नीट कळत नाही. बसा जरा. मी एका दमात सांगणारी बाई नाही.

आमचं खोपोलीत छोटं दुकान आहे. नवरा यंत्रावर लाकडी मुठी काततो — कोयत्याच्या, खुरप्याच्या, पटाशीच्या — आणि पॉलिश माझ्याकडे. लग्न झाल्यापासून माझ्याकडेच. सुरुवातीला गिऱ्हाइकं हसायची, बाई पॉलिश करते म्हणून. मग तीच गिऱ्हाइकं ह्यांना विचारायला लागली, "वहिनींनी लावलंय ना, की तुम्ही?" तेव्हापासून माझी मिजास जी चढली ती काही उतरली नाही. माझ्या हातचं पॉलिश निघत नाही, हे मी चारचौघांत सांगायची. न विचारता सांगायची.

मंदा माझ्या माहेरची. आमची घरं एका ओटीला लागून. माझ्याहून चार वर्षांनी लहान, सख्खी बहीण असती तरी इतकी चिकटली नसती. तिला कर्जतजवळ कळंबकडे दिली. तिथे एका रिसॉर्टमध्ये ती तांदळाची भाकरी करायची. पाहुण्यांसमोर, अंगणातल्या चुलीवर. मंडळी ताट घेऊन तिच्यापुढे उभी राहायची आणि ही हातावर भाकरी फिरवत त्यांची टिंगल करायची — अहो साहेब, फोटो काय काढता, गरम हाय तवर खावा की! भाकरी अशी की काठाला कुठे चीर नाही, आणि फुगली की टम्म. गावात कुणाचं लग्न असलं तरी पिठावर मंदाच बसणार. तिच्या सासूने तिला आयुष्यात एकाच गोष्टीसाठी चांगलं म्हटलं, ते भाकरीसाठी.

तर ती एकदा आली, लोखंडी उलथणं आणि चिमटा पिशवीत घालून. लोखंड चुलीवर तापायचं म्हणून दोन्हींना आमच्याच मुठी बसवल्या होत्या. "ताई, बघ गं तुजं पालिश," म्हणाली. "पापुद्रं निघतात. भाकरीला लागलं तर पावनं काय म्हनतील?"

माझं पॉलिश! मला काय झालं असेल? ती हत्यारं ठेवून गेली, आणि हसण्यावारी न्यायचं सोडून मी दोन दिवस फुरंगटून बसले. चपडा लाखेचं पॉलिश गरम पाण्याने पांढरं पडतं, हे मला माहीत होतं. वॉर्निशला आचेजवळ तडे जातात, तेही माहीत होतं. चुलीजवळच्या मुठीला बरं ते जवसाचं तेल — फडक्याने चोळायचं, पुसायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. लाकडात मुरतं, पापुद्रा धरत नाही. पण दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. आणि मी काय बोलून बसले होते? "मंदे, आता असं लावून देते की तुझी नातवंडं हीच मूठ धरतील."

माझी एक मावशी खाली कोकणात, सावंतवाडीकडे. तिच्या घराच्या वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावलेलं. काळंभोर. पाणी नाही, वाळवी नाही, काही शिरत नाही त्यात. मी तिथून बाटली आणवली. मावशीने फोनवर बजावलं होतं — ओलं असेपर्यंत हात लावू नकोस गं बाई, अंगावर उततं, फोड येतात. पार वाळू दे, महिना जाऊ दे.

ऐकलंत ना? महिना. मी ऐकलं होतं. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून मी ते नव्या मुठींना लावलं, म्हणजे मला कळत होतं. पत्र्यावर उन्हात ठेवलं. आणि सहाव्या दिवशी मंदा दारात — नाताळच्या सुट्टीची गर्दी सुरू होणार होती, तिला हत्यारं हवी होती. मी मुठीवर नख दाबून पाहिलं. नख उमटलं. आत ओलं होतं.

मला म्हणता आलं असतं ना, की मंदे, अजून वाळली नाही, जुन्याच घेऊन जा? एवढंच म्हणायचं होतं. पण ती "व्वा ताई!" म्हणाली, आणि मी वर मेण चोळून चकाकी आणली आणि दिल्या तिच्या हातात.

आठवड्याभराने तिच्या मुलाचा फोन, आईला कर्जतला डॉक्टरांकडे नेतोय, तुम्ही या. मी गेले. तिचे हात — कसं सांगू? तळवे सुजलेले, बोटांच्या बेचक्यांत फोड, त्यांतून पाणी गळतंय. उजवा हात जास्त. तिला पदर सावरता येत नव्हता. "ताई गं, निस्ती आग हाय," म्हणाली आणि रडली. मंदाला रडताना मी लहानपणानंतर तेव्हाच पाहिलं. बघताक्षणी मला कळलं.

आता सांगायचं ते येतंय.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने नीट विचारलं. नवीन काही हाताळलंत का? रंग, तेल, एखादं औषध? मंदा कण्हत होती, आठवत होती. तिने तोंड उघडायच्या आत मी बोलले. मी म्हटलं, "नाही हो डॉक्टर. हिचे हात दिवसभर पिठातच असतात."

कुणी मला विचारलं नव्हतं. मी आपणहून बोलले.

डॉक्टर म्हणाले, मग पीठ सोसत नसेल, काही दिवस बंद करून बघा. मलम दिलं. मी तिला घरी सोडलं आणि येताना ते उलथणं-चिमटा उचलून आणले — पॉलिशचा पुन्हा एक हात देते म्हणून. त्या मुठी परसात पुरल्या. नव्या बसवल्या, जवसाच्या तेलाच्या, आणि नेऊन दिल्या. तर ती त्या सुजल्या हातांनी माझा हात धरून म्हणते, "किती करतेस गं ताई माज्यासाटी."

पंधरा दिवसांत हात बरे झाले. होणारच होते. पण तिने पीठ सोडलं म्हणून बरे झाले, असं तिला वाटलं. घरातल्या सगळ्यांना वाटलं. रिसॉर्टवाल्यांनी तोवर दुसरी बाई चुलीवर बसवली होती. मंदाला चादरी धुवायला ठेवलं, मागच्या अंगाला, जिथे पाहुणे फिरकत नाहीत. एकदा मला म्हणाली, पुन्हा करून बघू का गं भाकरी? मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, नको बाई, पुन्हा उठलं म्हणजे? भीती घातली मी तिला. तिने केली असती आणि काही झालं नसतं, तर तिने विचार केला असता — मग ते होतं कशाने? मला तो विचार तिच्या डोक्यात येऊ द्यायचा नव्हता. एका पॉलिशसाठी. लाज वाटते सांगायला, पण दुसरं कारण नाही.

सात वर्षं झाली ह्याला. दुकान चालतंय. लोक अजून विचारतात, वहिनींनी लावलंय ना.

मागच्या महिन्यात तिच्या नातवाचं बारसं झालं. मी गेले होते. स्वयंपाकघरात सुना-लेकी पिठाभोवती बसलेल्या, आणि मंदा दाराशी उभी राहून तोंडाने शिकवत होती — पानी जास्त झालं गं, अजून मळ, काठ दाब. सुनेला जमेना. भाकरी तव्यावर टाकताना फाटली. मंदाचा हात पुढे गेला, परातीपर्यंत गेला, आणि तिने तो मागे घेऊन पदरात गुंडाळला. "मला सोसत नाय ना," सुनेकडे बघून हसली.

मी तिच्या शेजारीच उभी होते. पिठाने तिच्या हातांना कधी काही झालेलं नाही, हे त्या घरात मला एकटीला ठाऊक होतं. फाटलेली भाकरी सुनेने माझ्या ताटात वाढली आणि मी ती खाल्ली.