पहिला भाग मिळेपर्यंत

नेम मी पुष्कळ केले. सोळा सोमवार केले, संकष्ट्या केल्या. एका चातुर्मासात दोडकं सोडलं, तर नेमका त्याच साली परसातला मांडव दोडक्यांनी वाकला! पण एक नेम मी असा केला, की त्याची कहाणी कोणत्याच व्रताच्या पुस्तकात सापडायची नाही. एका गोष्टीच्या मालिकेचा पहिला भाग मिळेपर्यंत तिच्यातली एक ओळही ऐकायची नाही, असा तो नेम.

त्या नेमाभोवती किस्से जमत गेले. किस्से कोणी गोळा करत नाही. तांदूळ निवडताना सुपाच्या कडेला खडे जमतात तसे ते आपोआप जमतात. फरक इतकाच, की खडे फेकून देता येतात.

*

ऐंशी सालच्या आगेमागे आम्ही तुमसरला राहत होतो. आमचे हे राइस मिलमध्ये मुनीम. दुपारी मिलचा भोंगा झाला, पुरुषमंडळी जेवून परत गेली, की आमच्या ओसरीवर बायका जमत. धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरच्या शकुंतलाकाकू सूप घेऊन येत, आणि सकाळची शाळा आटोपून सुमनबाई येत.

सुमनबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला आणि पोरीला शिकवलं. आम्ही तांदूळ निवडायचो आणि बाई लायब्ररीतलं पुस्तक मोठ्यानं वाचायच्या. काय तो आवाज! राजा बोलला की ओसरी दरबार व्हायची, आणि म्हातारी बोलली की काकू मागे वळून बघायच्या, कोण आलं म्हणून!

एक दिवस बाईंनी जाडजूड पुस्तक आणलं. 'रत्नखड्ग'. कव्हरवर तलवार, डोंगर आणि खाली 'जपानी दंतकथांवर आधारित रोमहर्षक मालिका'.

बाईंनी पहिलंच वाक्य वाचलं, "पूर्वी सांगितल्याप्रमाणे राजपुत्र विक्रमसेन..."

मी हात वर केला. "पूर्वी म्हणजे कधी?"

बाईंनी कव्हर बघितलं. "वहिनी, हा चौथा भाग आहे. लायब्ररीत हाच होता."

"पोथी कोणी चौथ्या अध्यायापासून लावते का?"

शकुंतलाकाकू म्हणाल्या, "अवो माय, हे पोथी नोहे, राक्षसाची गोष्ट हाय!"

"राक्षस पोथीतबी राहतेच नं!" मी म्हटलं आणि उठले. देवापुढे हात जोडले आणि तिथल्या तिथे नेम बोलून टाकला.

मागून काकूंचा आवाज आला, "घ्या! राक्षसाच्या आधी हेच उभं राहिलं!"

*

आता नेम बोलून बसले, पण ओसरी माझीच. बायकांना येऊ नका कसं म्हणणार? मग वाचन सुरू झालं की मी स्वयंपाकघरात जायची आणि स्टोव्हला भरपूर हवा मारायची. स्टोव्ह फरफरला की बाहेरचे शब्द ऐकू येत नसत. आवाज तेवढा यायचा. शब्द नाही, नुसता चढणारा-उतरणारा आवाज. पावसात दूरच्या देवळातलं भजन ऐकू यावं, तसा.

स्टोव्ह पेटलाच आहे तर चहा ठेवायचा. वाचन लांबलं की चहा उकळतच राहायचा. आमच्या घरचा चहा त्या दिवसांत चहा राहिला नाही, काढा झाला.

मी मधेच पाण्याला बाहेर आले, की सुमनबाई शब्द तोडून गप्प व्हायच्या. अर्धा राजपुत्र घोड्यावर, अर्धा खाली! काकू चिडायच्या. एकदा मीच म्हटलं, "बाई, तुम्ही माझ्यासाठी कशाला थांबता? तुम्ही तर देव मानत नाही."

बाई हसल्या. "तुमचा देव मानत नाही, वहिनी. पण तुमचा नेम मानते."

एके दिवशी चहा घेऊन बाहेर आले, तर सगळ्या रडत बसलेल्या. कोणीतरी मेलं होतं. कोण, ते मला कोणीही सांगेना, माझा नेम मोडेल म्हणून. मी एकेकीच्या हातात कप दिला, शेवटी खाली बसले आणि मीही पदरानं डोळे पुसले.

काकूंनी रडता रडताच विचारलं, "तुम्ही काहून रडून राहिल्या?"

"तुम्ही सांगत नाही म्हणून!"

*

यांना माझी दया आली. मिलच्या कामानं नागपूरला गेले तर येताना पुस्तकाच्या दुकानात शिरले. संध्याकाळी घरी आले ते छाती फुगवूनच. कागदात गुंडाळलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं. "घे तुझा पहिला भाग! दुकानदार म्हणे, शेवटचाच राहिला होता."

आधी देवापुढे ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, मग कागद सोडला. 'सुलभ विणकाम, भाग पहिला.'

"अहो!"

"पहिला आहे नं?" हे म्हणाले.

त्या हिवाळ्यात गल्लीतल्या झाडून साऱ्या पोरांना स्वेटर मिळाले.

*

लायब्ररीत मी स्वतः जाऊन आले. काउंटरवर चष्मा लावलेले गुरुजी बसायचे.

"पहिला भाग?" ते म्हणाले. "बाई, पहिला भाग साऱ्याच लोकायले पाहिजे असते. म्हणून तोच सगळ्यात आधी फाटते. दुसरा देऊ?"

"नको."

"अहो, या दुसऱ्याचीबी पहिली दहा पानं नाहीत. सुरुवात कोणालेच माहीत नाही. घेऊन जा बिनधास्त, सगळे सारखेच!"

मी हात मागे बांधून परत आले. पण वाटेत मनात आलं, फाटेपर्यंत वाचणारी ती माणसं कोण असतील? कुठल्या ओसरीवर बसून वाचलं असेल त्यांनी?

*

आसगावची बेबी शेजारी सून म्हणून आली, ती याच दिवसांत. अजून हळद उतरली नव्हती. सासूची परवानगी काढून ती सूप घेऊन ओसरीवर आली, तेव्हा मालिकेचा अकरावा भाग चालू होता. आता हिनं सुरुवात कुठून करावी, यावर जो वाद पेटला!

'पूर्वी सांगितल्याप्रमाणे' हे म्हणे नुसतं म्हणण्यापुरतं, प्रत्येक भागात राजपुत्र वेगळा, राज्य वेगळं. सोबती एकेक करून जमतात आणि शेवटी डोंगराखालच्या राक्षसाशी गाठ. म्हणून कुठूनही घेतलं तरी चालतं, असं सुमनबाईंचं मत. "पण सहाव्यापासून घे, बेबी. सहावा सगळ्यात सरळ आहे, नावं कमी आहेत."

"सहावा कायले?" काकू उसळल्या. "नववा घे! नवव्यात राजकन्याच तलवार उचलते. अन् मुख्य म्हणजे त्याच्यात सासू नाही!"

मी दारातून म्हटलं, "बेबी, सुरुवात पहिल्यापासूनच करावी. मी थांबली आहे, तूही थांब. आपण दोघी मिळून ऐकू."

मला खरंच वाटलं होतं, स्वयंपाकघरात सोबत मिळेल म्हणून.

बेबीनं तिघींकडे बघितलं. मग सूप मांडीवर घेऊन ओसरीवर बसली आणि म्हणाली, "आज जिथून चालू हाय तिथूनच ऐकतो मी. सासरीबी मी अशीच आली नं, मधातूनच! इथची गोष्टबी चालूच होती. मले कोनी पहिल्या भागापासून सांगतली का?"

मी आत जाऊन स्टोव्हला हवा मारली. त्या दिवशी स्टोव्ह जरा जास्तच वेळ पेटेना.

*

जपानचं एक सांगायचं राहिलं. राजपुत्र जपानी, तर नाव विक्रमसेन कसं, याचा काकूंना फार दिवस संशय होता. शेवटी एका दुपारी त्यांनी विचारलंच, "बाई, हे जपानातले लोक खातत काय?"

"भात, काकू. आपल्यासारखाच. भात आणि मासे."

काकूंचं सूप थांबलं. "भात अन् मासे? मंग कायचे जपानी? आपल्या भंडाऱ्याचेच हायेत ते!"

तेव्हापासून राजपुत्र जेवायला बसला, की काकू वाचन थांबवून विचारायच्या, "तांदूळ कोनता? चिन्नोर का लुचई?"

बाई पुस्तकात बघितल्यासारखं करून गंभीरपणे सांगायच्या, "चिन्नोर."

हे मात्र मला काकूंनीच सांगितलं. म्हणाल्या, "भाताचं सांगतलं त चालते. भात काही गोष्टीत मोडत नाही!"

*

एकदा सुमनबाईंना ताप आला. वाचन बंद ठेवायचं नाही म्हणून काकूंनी पुस्तक उघडलं. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या. "रा... रा... राक्षसा... नं... त... तल..." राक्षस मरायला टेकलेला, पण काकूंच्या तोंडून त्याचा जीव काही जाईना! बेबीनं अर्धी पायली तांदूळ निवडले तरी तो तडफडतच होता. शेवटी बेबी हात जोडून म्हणाली, "काकू, माफ करून टाका त्याले आता!"

मी स्वयंपाकघरात हसत होते. हसताना लक्षात आलं, आपण आज स्टोव्हच पेटवलेला नाही. अख्खी ओळ काकूंच्या तोंडून एकही निघत नव्हती, पण सुटे शब्द सगळे कानावर पडत होते, राक्षस, तलवार, सगळं. आणि मला त्याची ओढच वाटत नव्हती. मग रोज स्टोव्हच्या आवाजाआडून मी कान कशाला देत होते?

दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ भात घेऊन मी बाईंच्या घरी गेले. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. घसा बसलेला. "वहिनी," त्या कशाबशा म्हणाल्या, "मिळाला का पहिला भाग?"

मी मान हलवली.

"मिळेल. मिळाला की पहिली ओळ मीच वाचीन. दुसऱ्या कोणाकडून ऐकू नका."

*

आणि मग उन्हाळ्यात सुमनबाईंची ट्रान्सफर झाली. लाखांदूर तालुक्यात, दिघोरीला. जिल्हा एकच, पण आमचं तुमसर या टोकाला आणि दिघोरी त्या टोकाला. ज्या दिवशी त्यांनी हे सांगितलं, त्या दिवशी वाचन झालं नाही. तांदूळ निवडले गेले, पण घरी गेल्यावर म्हणे साऱ्यांच्याच भातात खडे निघाले.

जायच्या सकाळी मी लवकर उठले. आंघोळ केली. देवापुढे नारळ ठेवला, हात जोडले, जे बोलायचं ते बोलले आणि बस स्टँडवर गेले. काकू आणि बेबी आधीच आलेल्या. साकोलीची गाडी लागायची होती. सुमनबाई ट्रंकेवर बसल्या होत्या आणि मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीतून जाड पुठ्ठ्याचा कोपरा दिसत होता.

"हे तर लायब्ररीचं!" काकू म्हणाल्या.

"गुरुजींना विचारून घेतलं. शेवट राहिला होता. दिघोरीहून कोणासोबत तरी पाठवून देईन."

मी त्यांच्याशेजारी बसले. "वाचा," मी म्हटलं.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "वहिनी, हा पहिला नाही."

"माहीत आहे."

"आणि नेम?"

"सकाळी नारळ ठेवला देवापुढे. म्हटलं, हा नेम तुझ्याजवळ ठेवून घे. मले जाऊ दे."

बेबीनं तोंडाला पदर लावला. काकू म्हणाल्या, "मंग नववा पाहिजे होता! बाई, नवव्यातलं काही आठवते का तोंडपाठ?"

"काकू, बसा," मी म्हटलं. "बाई, जे हातात आहे तेच वाचा. जिथं खूण आहे तिथूनच."

"थोडं मागचं सांगू का? नाहीतर कोण कुठला, काही कळायचं नाही."

"नको. नुसतं वाचा."

बाईंनी पुस्तक उघडलं. स्टँडवर ही गर्दी! लाऊडस्पीकर ओरडतोय, लग्नाची वऱ्हाडं, कोंबड्यांच्या टोपल्या. आणि त्या सगळ्यात तो आवाज माझ्या अगदी शेजारी. कोणी एक राजपुत्र नदीच्या काठाशी उभा होता. नाव कळलं नाही. नदीला पूर होता, पलीकडे कोणीतरी कंदील हलवत होतं. सोबत्यांपैकी एक म्हणाला, परत फिरू. एक म्हणाला, थांबू. राजपुत्रानं पायातली पादत्राणं काढली.

गाडी लागली. काकूंनी ट्रंक चढवली. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या आणि बोट पानात तसंच ठेवून पुढे वाचू लागल्या. आम्ही तिघी खिडकीखाली उभ्या.

कंडक्टरनं पाहिलं. "बाई, राक्षसाले मारायचं असन त साकोलीत मारा! गाडीले उशीर होऊन राहिला!"

"थांब नं रे बाबा," काकू ओरडल्या, "तो अजून पाण्यातच हाय!"

कंडक्टरनं बेल मारली. गाडी हलली. बाईंनी आवाज चढवला. पाणी राजपुत्राच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. मी खिडकीसोबत चालत होते. गाडीनं वळण घेऊन वेग धरला, तशी मी पदर खोचून पळाले. पन्नाशीकडे झुकलेली बाई, अख्ख्या तुमसरच्या देखत! बाई खिडकीतून मान बाहेर काढून वाचत होत्या. पुस्तकाकडे त्यांचं लक्षच नव्हतं, त्या माझ्याकडे बघून वाचत होत्या.

"...आणि तेव्हा पलीकडून कंदील धरणाऱ्या बाईनं हाक मारली..."

तुमच्या घरात कोणी वाचणारं असेल, तर आज त्यांच्यापुढे बसा. स्टोव्ह बंद करा. आणि म्हणा, कुठूनही वाच.