जहाजावरून कुणी उठून जात नाही

"गेलो तर समदे, नायतर कुणीच नाय." ऑफिसात येऊन खुर्चीत बसायच्या आधीच काका हे म्हणत आणि पेरांवर अंगठा फिरवत घरातली माणसं मोजू लागत. आधी आई, मग दोन धाकटे भाऊ, भावजया, पुतणे, पुतण्या. स्वतःला मोजायचं विसरत. मी आठवण करून दिली की लाजून हसत.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सकाळी कॉलेज करून दुपारी सीबीएस बसस्टँडजवळच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात बसत असे. हे काका दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार. भावांचे संसार उभे करताना स्वतःचं लग्न राहूनच गेलेलं. पहिल्यांदा आले ते आईच्या काशीयात्रेची चौकशी करायला. पण आमच्या भिंतीवर मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या क्रूझचं चित्र होतं. इमारतीसारखे मजले, सगळ्या खिडक्यांत दिवे. काशी तिथेच राहिली.

"यात भाकरी थापता येती का, पोरी?"

"नाही, काका. जेवण तेच देतात."

"मंग आईचं अवघड हाय. पण भूक लागली की खाईल. उतरून जाणार कुठं?"

हे 'उतरून जाणार कुठं' त्यांच्या बोलण्यात सारखं येई. का, ते मला कळत नव्हतं. एकदा त्यांनीच सांगितलं. वडील गेल्यापासून घरात कुठलं बोलणं पुरं होत नव्हतं. वाटण्यांचा विषय निघाला की धाकटा ताटावरून उठे आणि मोटारसायकलला किक मारून निघून जाई. मधला बागेत जाऊन बसे.

"जहाजावर भांडण झालं तरी मानूस जाऊन जाऊन जाईल कुठं? चारी बाजूंनी पानी. झक मारत बोलंलच की."

तुम्ही हसाल. मीही हसले होते. मग वाटलं, याहून चांगला उपाय मला तरी कुठे सुचतोय?

अडचण वेगळीच होती. जहाज सुटायचं ते पावसाळा संपल्यावर, उन्हाळ्यापर्यंत. आणि बागेचं कामही नेमकं तेव्हाच. ऑक्टोबरात छाटणी, मग काड्यांचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना लाल पेस्ट लावणं, फवारण्या, काढणी, एप्रिलात पुन्हा छाटणी. घर जरा मोकळं व्हायचं ते पावसाळ्यात, तेव्हा जहाज बंद.

"पान्यातच असतं ना ते? मंग पावसाला काय भेतं?" ते खरंच वैतागून विचारत.

आमचे शेठ आतून ओरडत, "काका, द्राक्षांना सांगा ना जरा थांबायला!"

"ती कुणाचं ऐकत नाय, शेठ. आमच्या धाकट्यावर गेलीत."

दर भाद्रपदात ते येत, ओल्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवत आणि त्या चित्रासमोर बसून राहत. मोजणीत एखादं नवं बाळ वाढलेलं असे. "पुढल्या साली बागेकडं कुणाला तरी ठेवून बघू," असं म्हणत उठत. घड असे कुणावर सोडून जाता येत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. मलाही.

माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी भाद्रपदात ते आले नाहीत. दिवाळी झाल्यावर आले. मी दचकलेच. त्या दिवसांत पेस्टचा लाल रंग नखांत असा बसतो की निघता निघत नाही. माझ्या वर्गातल्या दिंडोरीच्या मुलांचीही नखं लाल असत. काकांचे हात स्वच्छ होते.

"आता सुटतं ना जहाज?"

"सुटतं, काका. पण बाग?"

"वाटण्या झाल्या, मधी तारेचं कुंपण आलं. माझ्याकडं आली ती जुनी बाग. तोडली. मोकळाच हाय आता."

"आणि आई?"

"धाकट्याकडं. मधला बोलत नाय."

ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारायचे तेच माझ्या तोंडून निघून गेलं, "किती जण?"

त्यांनी सवयीने हात वर घेतला. अंगठा पहिल्या पेरावर टेकला आणि तिथेच राहिला.

त्यानंतर ते कधी आले नाहीत. पण तो टेकलेला अंगठा मला अजून दिसतो. त्या दिवशी स्वतःला मोजायला ते विसरले नव्हते.