कनकीच्या खळीखाली दडलेला नंबर

माझा पहिला आक्षेप कायद्यावरच आहे. गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीतल्या निम्म्या सोयरिकी बालाघाटकडच्या, म्हणजे मध्य प्रदेशातल्या. नवरी तिकडून इकडे आली तर तिच्या कपाळावर कोणी नवा नंबर मारत नाही. पण तिची स्कूटी आली की ती परकी! तिकडे आजीवन कर भरलेला असतो, इकडे आलं की पुन्हा आजीवन. एका गाडीनं जन्म तरी किती घ्यायचे?

ही स्कूटी माझ्या वहिनीची. हुंड्याची नव्हे, लग्नाआधी तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेली, हे मी मुद्दाम लिहिते. गोंदियात तिला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम मिळालं, घरोघर जाऊन रक्ताचे नमुने आणायचं. म्हाताऱ्या हातातली शीर तिला पहिल्या सुईत सापडते, म्हणून लोक तिलाच मागतात. पण मध्य प्रदेशची पाटी पाहून चौकात पोलीस तिला सारखं थांबवायचे आणि नमुने पोचायला उशीर व्हायचा. शेवटी लॅबवाल्या सरांनी सांगून टाकलं, "सोमवारपर्यंत इथल्या नोंदणीचा कागद दाखवा, नाहीतर तुमची लाईन दुसऱ्याला देतो."

बालाघाटहून ना हरकत दाखला आलेला होता. दादा म्हणाला, एजंटला देऊन टाकू. मी म्हटलं, मुळीच नाही. आमच्या तरुणांच्या संघटनेनं नुकतीच भिंतीभिंतीवर पोस्टरं लावली होती : 'एजंट कशाला? तुमचा अर्ज तुम्हीच भरा!' मजकूर माझाच होता. तो घरातच खोटा पाडायचा का?

"नेताजी," वहिनी म्हणाली, ती मला हेच म्हणते, "पोस्टर तुमचं, नोकरी माझी. देख लो."

शुक्रवारी सकाळी आम्ही परिवहन कार्यालयात हजर. अर्ज, विमा, आधार, दाखला, कराची पावती, सगळं मी क्रमानं लावलेलं. खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "सगळं आहे. फक्त चेसिसचा ठसा नाही."

म्हणजे काय, तर गाडीच्या सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो. त्यावर कागद धरायचा, पेन्सिल घासायची, की नंबर कागदावर उमटतो. एवढंच! यासाठी लोक एजंटकडे जातात? मी बाहेर येऊन स्कूटीच्या पायाजवळचं झाकण काढलं, कागद धरला आणि घासलं. पहिले आकडे छान उठले. पुढे नुसतं काळं. पुन्हा घासलं. पुन्हा काळं.

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. वाकून पाहिलं, मोबाईलची बॅटरी मारली आणि सरळ उभे राहिले.

"नंबर घासून काढला आहे का हिचा?"

"घासला म्हणजे?" मी चिडले. "तुम्ही आम्हाला चोर म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. नंबर वाचता येत नसेल तर गाडी इथंच ठेवून चौकशीला पाठवावी लागेल. तीन आठवडे धरा."

मी तोंड उघडलं. नागरिकाचा सन्मान, पुराव्याची जबाबदारी, सगळं जिभेवर होतं. वहिनीनं माझा दंड धरला. तिचे डोळे भरले होते. ती झाकणाच्या आत बोट फिरवून पाहत होती.

"हे काय वो? सिमेंटसारखं लागून राहिलं."

मी वाकून पाहिलं आणि लगेच ओळखलं.

आमची पोस्टरं बाजारातल्या डिंकानं लागत नाहीत. भातगिरणीतून कनकी आणायची, म्हणजे तांदळाचा चुरा, ती लगदा होईपर्यंत शिजवायची आणि उंदरांनी खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचं. ही खळ वाळली की पोस्टर फाटतं, पण निघत नाही. आम्हाला त्याचा फार अभिमान. खळीची बादली मी आठवडाभर वहिनीच्या स्कूटीवर पायात ठेवून फिरवली होती. ती हिंदकळली, झाकणाच्या फटीतून झिरपली आणि नेमकी नंबरावर वाळली.

"साहेब," मी म्हटलं, "चूक माझी आहे. यांची नाही. ही पोस्टरची खळ आहे. अर्धा तास द्या."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत."

समोरच्या चहाच्या टपरीवर मी धावले. तिथं एजंटांच्या बाकावर एक काका बसले होते. त्यांनी मला ओळखलं.

"काऊन वो पोरी, तूच ना ती एजंट हटाववाली?"

"होय. आणि अजूनही तेच म्हणते."

"मंग माझ्याकडं कायले पाहून राहिली?"

"तुमच्याकडं नाही, किटलीकडं पाहते. गरम पाणी पाहिजे. नंबरावर खळ वाळली."

सगळा बाक हसला. टपरीवाल्या मावशीनं उकळतं पाणी दिलं. काका उठले, आपल्या पिशवीतून जुना दात घासायचा ब्रश काढला आणि म्हणाले, "खरवडू नोको, ओरखडा पडला तर खरंच फसशीन. भिजू दे, मंग हळू हळू."

"याचे पैसे?"

"एजंटगिरी नोहे ही. धर."

माझं मत बदललेलं नाही. अर्ज ज्याचा त्यानंच भरावा. पण पोस्टरात बाकावरच्या माणसांना मी 'गिधाडं' म्हटलं होतं, तो शब्द वाईट होता.

मी गुडघ्यावर बसून चिंधीनं पाणी मुरवत होते, वहिनी ब्रश फिरवत होती. सुईच्या कामाचा हात तिचा. एकेक आकडा शीर शोधल्यासारखा तिनं वर काढला. खळीचे पांढरे पापुद्रे निघाले. साहेब शिट्टी वाजवत आले, स्वतःच कागद धरून पेन्सिल फिरवली आणि दाखल्याशी ताडून पाहिलं. सगळे आकडे जुळले.

"कोणती खळ म्हणता ही?" सही करता करता त्यांनी विचारलं. "आमच्या ऑफिसच्या भिंतीवरचं पोस्टर दोन शिपायांना निघालं नाही."

मी नम्रपणे कृती सांगितली.

नवा नंबर यायला काही दिवस लागणार होते, पण अर्जाची आणि तपासणीची पावती हातात पडली. वहिनीनं तिथंच लॅबवाल्या सरांना फोन लावला, स्पीकरवर.

"पावती चालते. सोमवारी साडेसहाला या," ते म्हणाले. "आणि ते रिटायर मास्तर दोन दिवस विचारून राहिले, तुम्हीच येणार ना म्हणून. दुसऱ्याला हात द्यायला तयार नाहीत."

वहिनीनं फोन ठेवला आणि भर रस्त्यात खो खो हसली. मग स्कूटी सुरू केली.

"बसो नेताजी. आणि पाय वर घ्या. तिथं आता काहीच ठेवायचं नाही, तुमचे पायसुद्धा."