एक किलोमीटरच्या आत

वणीजवळच्या एका कोळसा खाणीच्या काट्यावर मी कारकून आहे. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, वजन येतं, खिडकीतून मी पावती देतो. बाहेर ट्रकांची लाइन उन्हात उभी. माणसं मला खिडकीएवढीच ओळखतात आणि मला तेच बरं वाटायचं.

मागे मोबाईलवर पक्षी पाहणाऱ्यांचं एक ॲप घेतलं. आपण फोटो टाकायचे. तसाच नाद असलेलं जवळपास कोणी असेल तर ते दाखवतं. घरी माझ्या नादाची कोणी दखल घेत नाही. एका दुपारी त्यात एक जण दिसला. अंतर, एक किलोमीटरच्या आत. फोटो वेड्या राघूचा, कोळशाच्या धुळीनं काळ्या पडलेल्या तारेवर. तार माझ्या खिडकीसमोरचीच.

तो ड्रायव्हर होता, लाइनीत अडकलेला. आम्ही एकमेकांना लिहू लागलो. चंद्रपूर रोडवर कुठं नीलपंख बसतो, हे त्यानंच मला कळवलं. मधेच तो काट्यावरच्या बाबूला शिव्या द्यायचा. तो बाबू मीच, हे मी सांगितलं नाही. उलट मीही दोन शिव्या घातल्या. आणि हे तर आजवर कोणाजवळच बोललो नाही: तो लाइनीत असला की मी पावतीची मशीन बिघडल्यागत उघडून बसायचो. तो पुढं गेला की स्टिअरिंग हाती यायचं आणि बोलणं तुटायचं. मागचे ड्रायव्हर उपाशी खोळंबायचे.

एकदा त्यानं लिहिलं, इथंच आहेस तर चहा घेऊ. मी घाबरून लोकेशन बंद केलं.

थोड्या वेळानं एक ट्रक काट्यावर आला. ड्रायव्हरच्या गळ्यात दुर्बीण.

“बाबू, इथं पक्षी पाह्यनारा कोनी हाय का? मोबाईल इथंच दाखवे. आता दिसूनच नाही राह्यला.”

“मले नाही माहीत. गाडी पुढं घ्या.”

“मानूस बरा होता,” तो म्हणाला आणि पावती घेऊन गेला.

त्याची गाडी पुन्हा या खाणीवर आली नाही. मी त्याला सगळं लिहिलं, शिव्या आणि मशीनसकट. ते अजून उघडलेलं दिसत नाही. काटा आता वेळेवर चालतो. लोकेशन मी ड्युटीभर चालू ठेवतो. तारेवर वेडा राघू येऊन बसला की फोटो टाकतो, खांबासकट, म्हणजे त्याला जागा ओळखू येईल.